गार्डियनशिपमध्ये खरंच असं होतं का? होतं, आणि फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर अधांतरी वाटणार नाही. न्यू जर्सीतल्या एका मराठी बाईंनी विचारलंय, "ताई, तुम्ही इतकी वर्षं क्राइम आणि कोर्ट कव्हर केलंय म्हणून विचारते. बाबा ८१ वर्षांचे, पुण्याहून येऊन आमच्याकडे राहतात, आता विसरायला लागलेत, पण माणसं ओळखतात, सही करतात. पुण्याला त्यांचा फ्लॅट आहे, भाऊ बंगलोरला असतो. हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने सहज म्हणून गार्डियनशिपचा शब्द काढला आणि रात्री मी नेटवर वाचत बसले तर डोकंच फिरलं. कोर्ट खरंच आपला माणूस परक्याच्या हातात देतं का? आणि देत असेल तर मीडियात का दिसत नाही, तिथे तर फक्त सेलिब्रिटींच्याच केसेस?"

गार्डियनशिप म्हणजे माणसाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं ठरवून कोर्टाने ते दुसऱ्याच्या, म्हणजे गार्डियनच्या, हातात देणं. पहिल्याचं उत्तर हो, देऊ शकतं. तुमच्या बाबतीत तसं होण्याची शक्यता कमी आहे, का ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे आणि त्यात आम्हा पत्रकारांची बाजू फारशी चांगली नाही.

मी मुंबईत कोर्ट बीटवर होते, किल्ला कोर्ट, सेशन्स, मग हायकोर्ट, आणि नंतर लग्न होऊन इकडे आल्यावर बरीच वर्षं फ्रीलान्स इन्व्हेस्टिगेटिव्ह काम करतेय. मुंबईत शिकलेली एक गोष्ट इथेही तशीच लागू पडली. दादरच्या एका आजींचं प्रकरण होतं, भाच्याने राहतं घर बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून घेतलेलं, आणि आजूबाजूचे सगळे सांगत होते तो मारायचा, उपाशी ठेवायचा, कोंडून ठेवायचा. मी आठवडाभर शेजाऱ्यांचे बाइट्स गोळा करत फिरले. शेवटी एका म्हाताऱ्या वकिलांनी मला बसवलं आणि म्हणाले, बाई, बक्षीसपत्रावरची तारीख बघ आणि हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड बघ. ज्या दिवशी आजींनी रजिस्ट्रारपुढे अंगठा दिला असं कागद म्हणत होता, त्या दिवशी त्या आयसीयूत होत्या. संपलं. मारहाण कधीच सिद्ध झाली नाही, तारीख झाली.

आता न्यूयॉर्कची ब्रूक ॲस्टर केस घ्या, कारण वयस्कर माणसांच्या बाबतीत यापेक्षा हाय-प्रोफाइल काही मी बघितलेलं नाही. ॲस्टर म्हणजे न्यूयॉर्कमधलं गर्भश्रीमंत घराणं, बाईंनी आयुष्यभर लायब्ररी, म्युझियम अशा ठिकाणी करोडो डॉलर वाटलेले. २००६ मध्ये त्यांच्या नातवाने कोर्टात अर्ज केला, तोही स्वतःच्या वडिलांविरुद्ध, की माझ्या आजीला नीट सांभाळलं जात नाही, दुसरा कुणी गार्डियन नेमा. आजी तेव्हा १०४ वर्षांच्या, अल्झायमर झालेला. अर्जातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य होतं की पार्क ॲव्हेन्यूच्या त्या आलिशान घरात त्या लघवीचा वास येणाऱ्या कोचावर झोपतात. झालं, टॅब्लॉइडवाल्यांना दिवाळी! कितीतरी दिवस तो कोच पहिल्या पानावर.

आणि मग काय झालं ते फार कमी लोकांना आठवतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गार्डियनशिपच्या जजनी लिहिलं की मुलाने मुद्दाम हाल केल्याचे आरोप सिद्ध होत नाहीत. कोच गेला. पण तोवर कोर्टाने नेमलेल्या नव्या गार्डियनच्या आणि बँकेच्या हातात कागद आले होते, मृत्युपत्राच्या पुरवण्या, पगाराचे हिशेब, सह्या. त्या कागदांवरून क्रिमिनल केस उभी राहिली. बाई २००७ मध्ये १०५ व्या वर्षी गेल्या, ट्रायल २००९ मध्ये झाली, जवळपास सहा महिने चालली. मी त्यातले काही दिवस मॅनहॅटनच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून काढलेत. माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर, टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्स साक्षीला, बाहेर कॅमेऱ्यांची जत्रा, आणि आत दिवसच्या दिवस एकच विषय, ही पुरवणी समजून सही करण्याइतकी बाईंची शुद्ध होती का. मुलगा अँथनी मार्शल दोषी ठरला, सगळ्यात जड कलम होतं आईचे पैसे सांभाळण्याबद्दल स्वतःलाच मागच्या तारखेपासून पगारवाढ देऊन सुमारे १० लाख डॉलर घेतल्याचं. सोबतचा वकील एका पुरवणीवर खोटी सही केल्याबद्दल दोषी ठरला. मार्शल ८५ वर्षांचा, शिक्षा एक ते तीन वर्षं, प्रत्यक्षात २०१३ मध्ये आत गेला आणि तब्येतीमुळे काही आठवड्यांत बाहेर आला.

ही केस मी मुद्दाम आधी सांगितली कारण इथे गार्डियनशिपने म्हातारीला वाचवलं. नातवाने तो अर्ज केला नसता तर ते कागद कुणी उघडलेच नसते. नेटवर जे "गार्डियनशिप म्हणजे लूट" असं सरसकट लिहिलेलं असतं ना, ते वाचताना हे डोक्यात ठेवा. पद्धत तीच, पण त्या कागदांवर कुणाची नजर आहे यावर सगळं ठरतं. ॲस्टरबाईंच्या कागदांवर अख्ख्या न्यूयॉर्कची नजर होती. ज्यांच्या कागदांवर कुणाचीच नसते त्यांचं काय होतं ते बघायला लास वेगासला जावं लागतं.

लास वेगास नेवाडा राज्यातल्या ज्या क्लार्क काउंटीत येतं तिथे एप्रिल पार्क्स नावाची बाई प्रोफेशनल गार्डियन होती. प्रोफेशनल म्हणजे हाच धंदा, एकावेळी डझनावारी म्हातारी माणसं कोर्टाच्या ऑर्डरने तिच्या ताब्यात. २०१३ मध्ये लेबर डेच्या सुट्टीच्या तोंडावर ती नॉर्थ लास वेगासमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की कोर्टाची ऑर्डर आहे, सामान भरा, नाहीतर पोलिसांना बोलवेन. त्या दोघांनी तिला आयुष्यात कधी बघितलेलं नव्हतं. कोर्टात सुनावणी झाली हेही माहीत नव्हतं, कारण इमर्जन्सी म्हणून अर्ज केला की समोरच्याला न कळवता तात्पुरती ऑर्डर मिळत होती. दोघांना पार बोल्डर सिटीतल्या एका केअर होममध्ये नेऊन ठेवलं. मुलगी त्याच भागात राहायची, जवळपास रोज आईबाबांकडे यायची, तिला कुणी फोनसुद्धा केला नाही. ती नेहमीसारखी आली तर घर रिकामं आणि दारावर गार्डियनच्या नावाचा कागद.

त्यानंतरचं यंत्र कसं चालतं ते नीट समजून घ्या कारण सगळी गोम तिथेच आहे. वॉर्ड, म्हणजे ज्याचा ताबा दिलाय तो माणूस, त्याचं बँक अकाउंट, पेन्शन, घर सगळं गार्डियनच्या हातात. गार्डियनची फी तासावर, आणि ती त्या वॉर्डच्याच पैशातून. गार्डियनच्या वकिलाची फीसुद्धा त्यातूनच. वॉर्डला ही ऑर्डर रद्द करायची असेल तर त्या लढाईत समोरच्या बाजूचा खर्चही याच्याच खिशातून जाणार, आणि स्वतःचा वकील लावायला हातात पैसे नाहीत कारण अकाउंट फ्रीज. घर विकायला कोर्टाची परवानगी लागते, ती मिळते, कारण केअर होमचं बिल भरायचंय ना. मग कोण भेटायला येणार तेही गार्डियन ठरवणार, भेटून गेल्यावर आजी अस्वस्थ होतात म्हणून मुलीच्या भेटी कमी. पार्क्स एकाच फेरीत चार जणांची कामं उरकायची आणि पूर्ण वेळेचं बिल चौघांनाही लावायची, असे आरोप होते. प्रत्येक ओळ कोर्टात दाखल, प्रत्येकावर शिक्का! कुणीही जाऊन वाचू शकत होतं, वाचलं कुणीच नाही.

अखेर वाचलं ते त्या मुलीने आणि तिच्यासारख्या दोनचार नातेवाइकांनी, आणि त्यांच्या मागे लागण्यामुळे तिथल्या एका लोकल टीव्ही चॅनेलने आणि लोकल पेपरने. मोठ्या नॅशनल मीडियाचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, तोवर २०१५ उजाडून नेवाडाच्या सुप्रीम कोर्टाने चौकशीसाठी कमिशनही नेमलेलं. २०१७ च्या मार्चमध्ये पार्क्सवर दोनशेच्या वर गुन्ह्यांची चार्जशीट, २०१८ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, जानेवारी २०१९ मध्ये १६ ते ४० वर्षं शिक्षा. मधे तिच्याशी संबंधित एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये अस्थींचे कलश सापडले, दोन डझनांहून जास्त, तिच्या ताब्यात असताना गेलेल्या माणसांचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही मिनिटं स्क्रीनकडे नुसती बघत बसले होते. आपल्याकडे अस्थी विसर्जन करायच्या राहिल्या तर घरातल्यांना चैन पडत नाही, आणि इथे...

असो. आता तुमचा दुसरा प्रश्न, सेलिब्रिटींचा. पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्स. कॅलिफोर्नियात मोठ्या माणसांच्या गार्डियनशिपला कन्झर्वेटरशिप म्हणतात, तिची २००८ मध्ये सुरू झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये संपली, म्हणजे तेरा वर्षं. ती म्हातारी नव्हती, सुरू झाली तेव्हा तिशीतही पोचली नव्हती. आणि एक योगायोग बघा, २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिचा लास वेगासला एकाच थिएटरात वर्षानुवर्षं चालणारा शो सुरू झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, गाडीने अर्ध्या तासावर ते म्हातारं जोडपं घरातून उचललं गेलं होतं. इकडे एक बाई हजारो लोकांसमोर नाचते, कोट्यवधी कमावते, आणि कायद्याच्या नजरेत तिला स्वतःचा वकील निवडायची अक्कल नाही. तो हक्क तिला २०२१ च्या जुलैमध्ये मिळाला, आदल्या महिन्यात तिने कोर्टात सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर. आणि तेरा वर्षं दोन्ही बाजूंच्या वकिलांची बिलं तिच्याच पैशातून!

ब्रिटनीमुळे शब्द घराघरात पोचला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही काय केलं, तिच्या बापाची स्टोरी केली, कारण ताबा त्याच्याकडे होता. व्हिलन कोण, हिरॉइन कोण, कोर्टाबाहेर गुलाबी बोर्ड घेतलेले तिचे फॅन. क्राइम रिपोर्टिंगची आमची सवयच अशी, प्रेत लागतं, रक्त लागतं, निदान एक खलनायक तरी लागतो. गार्डियनशिपमध्ये कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. जज आहेत, वकील आहेत, डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, सगळे सह्या करतायत. एडिटरला सांगायला गेलं की तो विचारतो, मग गुन्हा कुठे आहे? मला दोनदा एका मोठ्या आउटलेटने अशी स्टोरी परत केलीय, "फारच कागदी आहे" म्हणून. कागदीच आहे ना बाबा, तोच तर मुद्दा आहे.

आणि माहीत नव्हतं असंही नाही. १९८७ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या रिपोर्टर्सनी अमेरिकाभर फिरून २,२०० च्या वर केस फायली उघडून वाचल्या होत्या. पुष्कळ फायलींत वर्षाचा हिशेबच नाही, म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने वकीलच नाही. त्यावर संसदेत सुनावणी झाली आणि कमिटीच्या रिपोर्टात स्पष्ट म्हटलं गेलं की अशा वॉर्डला शिक्षा झालेल्या गुन्हेगारापेक्षा कमी हक्क असतात. मग २०१० मध्ये सरकारच्याच ऑडिट खात्याने, जीएओने, अजून भारी काम केलं. त्यांनी बनावट ओळखी तयार केल्या, एक कर्जात बुडालेल्या माणसाची आणि एक चक्क मेलेल्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर, आणि चार राज्यांत गार्डियनचं सर्टिफिकेट मिळतं का बघितलं. चारही ठिकाणी मिळालं. त्याच रिपोर्टात २० केसेस होत्या ज्यात गार्डियननी १५८ जणांचे मिळून ५४ लाख डॉलर लाटले होते. अख्ख्या देशात नक्की किती माणसं गार्डियनशिपखाली आहेत याचा पक्का आकडा आजही कुणाकडे नाही, १३ लाख हा अंदाज सांगितला जातो. गाड्या मोजतात, कुत्र्यांची लायसन्सं मोजतात, पण ही माणसं नाही.

मी स्वतः अशी फाइल हातात घेते तेव्हा काय बघते ते सांगते, तुमच्याही कामाचं आहे. सगळ्यात आधी दोन तारखांमधलं अंतर, अर्ज कधी आणि ऑर्डर कधी. दोन दिवसांत झालं असेल तर इमर्जन्सी काय होती ते शोधते. मग डॉक्टरचं सर्टिफिकेट, त्याने पेशंटला किती वेळ बघितलं, बघितलं तरी का. मग नोटीस कुणाकुणाला गेली, कारण नातेवाइक "सापडले नाहीत" असं लिहिलेलं असतं आणि फोनबुकात त्यांचं नाव असतं. मग बिलं, आणि बिलं वाचताना एकाच गार्डियनच्या पाचसहा फायली शेजारी ठेवून वाचायच्या, एकट्या फाइलमध्ये काही दिसत नाही, शेजारी ठेवल्या की मंगळवारी सकाळी दहा वाजता तीच बाई तीन ठिकाणी असते. शेवटी घर कुणाला विकलं आणि विकत घेणाऱ्याने किती दिवसांत परत विकलं. यातल्या कशालाही सोर्स लागत नाही, हिडन कॅमेरा लागत नाही, चष्मा आणि झेरॉक्सचे पैसे लागतात.

आता तुमच्या बाबांचं. तुम्ही न्यू जर्सीत आहात, नेवाडात नाही, आणि नेवाडानेही २०१७ मध्ये कायदे बदलून वॉर्डला वकील मिळण्याचा हक्क दिला, तपासणीसाठी वेगळं ऑफिस काढलं. न्यू जर्सीत अर्जासोबत दोन तज्ज्ञांचे दाखले लागतात, दोन्ही डॉक्टरांचे किंवा एक डॉक्टर एक सायकॉलॉजिस्ट, आणि बाबांसाठी कोर्ट स्वतंत्र वकील नेमतं जो येऊन त्यांना भेटतो. जोडीदार आणि मुलं यांना प्राधान्य असतं. परका माणूस कधी येतो? मी बघितलेल्या फायलींत बहुतेक वेळा भावंडं एकमेकांवर कोर्टात तुटून पडलेली असतात, मग जज वैतागून म्हणतात, दोघंही नको, तिसरा आणा. म्हणून तुमचा भाऊ बंगलोरला आहे म्हणालात ना, त्याच्याशी आत्ताच बोला, अर्ज झाल्यावर नको. "दादाला काय कळतंय तिकडे बसून" हे वाक्य पुढे वकिलांना फार कमाई करून देतं, तुमच्या पैशाने.

पण खरं सांगू का, तुम्हाला बहुतेक गार्डियनशिप लागणारच नाही. बाबा विसरतात म्हणालात, पण माणसं ओळखतात, सही करतात, कुणावर विश्वास आहे ते सांगू शकतात. तेवढी समज आहे तोवर ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र, आणि हेल्थकेअर प्रॉक्सी, म्हणजे उपचारांचे निर्णय कोण घेणार त्याचा कागद, करून घ्या. ड्युरेबल हा शब्द महत्त्वाचा, पुढे शुद्ध हरपली तरी तो कागद चालू राहतो. हे कागद असले की कोर्टात जायची गरज सहसा पडत नाही, आणि सोशल वर्करला दाखवता येतं की निर्णय घ्यायला माणूस आहे. तिने शब्द काढला तो बहुतेक त्याचसाठी, हॉस्पिटलला डिस्चार्जच्या कागदावर सही करणारं कुणीतरी हवं असतं, लगेच तिच्यावर संशय घेऊ नका.

पुण्याच्या फ्लॅटचं मात्र वेगळं आहे आणि इथे आपली माणसं हमखास फसतात. भारतात ड्युरेबल असा प्रकार नाही. आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपलं, मग ते कितीही जाड कागदावर असो. अमेरिकेतला कागद तिकडे दाखवून उपयोग नाही. आणि क्षमता गेल्यावर गार्डियन म्हणून नेमून घ्यायचं तर भारतात त्यासाठी सरळ असा कायदाच नाही, १९८७ च्या मेंटल हेल्थ ॲक्टमध्ये माणसासाठी गार्डियन आणि संपत्तीसाठी मॅनेजर नेमायची सोय होती, २०१७ चा नवीन कायदा आला त्यात ती गेली. लोक घटनेच्या आर्टिकल २२६ खाली हायकोर्टात रिट करतात, मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये कोमात गेलेल्या नवऱ्यासाठी बायकोला गार्डियन नेमलं ते याच वाटेने. म्हणजे इकडे गार्डियन फार सहज मिळतो म्हणून रडतायत आणि तिकडे बँकेत आईच्या एफडीला हात लावता येत नाही म्हणून पोरं हायकोर्टाच्या पायऱ्या चढतायत.

फ्लॅट बाबांना आत्ताच तुमच्या किंवा दादाच्या नावावर करायचा असेल तर बक्षीसपत्रात "आयुष्यभर सांभाळायच्या अटीवर" ही ओळ स्पष्ट घालून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळलं नाही तर दिलेलं परत घेता येतं, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या ट्रिब्युनलकडे. पण अट लिहिलेली नसेल तर तिथे अडकायला होतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये अटीचा आग्रह धरला आणि जानेवारी २०२५ मध्ये जरा सैल, ज्येष्ठांच्या बाजूने अर्थ लावला, तुम्ही कशाला त्या वादात पडता, ओळ घाला. तुम्ही म्हणाल मी माझ्याच वडिलांशी असं लिहून घेऊ? तुमच्यासाठी नाही हो, ती बाबांच्या हातात राहायला हवी म्हणून.

फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळं मुखत्यारपत्र करा, इथे नोटरी, मग कॉन्सुलेटचं अटेस्टेशन किंवा अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का), आणि तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्यूटी. आणि वकिलाची अपॉइंटमेंट सकाळची घ्या, दुपारनंतरची नको. डिमेन्शियातली माणसं संध्याकाळी जास्त गोंधळतात, सकाळी चहा झाल्यावर बाबा स्वतः वकिलाला सांगतील फ्लॅट कुठे आहे आणि कुणाला द्यायचाय. तुम्ही तेव्हा खोलीच्या बाहेर बसा, वकिलाला तसं आधीच सांगून ठेवा, आणि तुम्ही बाहेर होतात हे त्याच्या नोंदीत लिहायला लावा.